जखऱ्या नावाची माणसं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार असलेल्या माणसाचं नाव आमोस भागाजी पाटोळे. सोलापुरात त्यांना या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारे हे गृहस्थ सगळ्यांना ‘वंशावळ मास्तर’ म्हणून ठाऊक होते. कुणाची नव्याने ओळख झाली की ते त्याला त्याच्या नावाबद्दल एक प्रश्न विचारत आणि समोरचा माणूस गोंधळून जाई. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात पत्र्याची ट्रंक घेऊन उभा राहिलो, तेव्हा माझीही तीच गत झाली.

“नाव काय तुझं?”

“सिद्राम.”

“या नावाचे आणखी किती आहेत तुमच्या गल्लीत?”

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी बोटं मोजली. “माझ्यासकट चार हायत, गुरुजी.”

“मग तू त्यातला कुठला?”

मी मान खाली घातली. माझे वडील मंगळवेढ्याच्या बाजारात बैलांना नाल मारत. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. “नालवाल्यांचा,” मी म्हणालो.

“नालवाल्यांचा सिद्राम,” ते सावकाश म्हणाले, जणू एखाद्या सरदाराचं नाव घेत आहेत. “ये आत. आता दुसऱ्या कुणाशी तुझी गल्लत व्हायची नाही.”

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि बी.ए.ला नाव घातलं तेव्हा सोलापुरात राहायला जागा नव्हती. माझं अक्षर बरं म्हणून मराठीच्या प्राध्यापकांनी मला मास्तरांकडे धाडलं. मास्तरांची नजर मंदावत चालली होती. त्यांना लिहिणारा हात हवा होता, मला टेकायला जागा हवी होती. पडवीतली खाट मला मिळाली आणि जेवणही त्यांच्याच पंगतीला. शेजारी विणकराचं घर होतं, तिथल्या मागाचा खटखटाट आणि गिरणीचा भोंगा यांच्यामध्ये आमचं काम चाले.

काम मात्र असं होतं की पहिल्या दिवशी मी हबकूनच गेलो. कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे नऊ डबे होते आणि ते सगळे कार्डांनी ठासून भरलेले. जुन्या लग्नपत्रिका सारख्या मापात कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मास्तरांनी माणसं लिहून ठेवली होती. ज्यू लोकांचं जे प्राचीन शास्त्र, ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्यात कुठेतरी एकदा येऊन नाहीशी होणारी ही माणसं. कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, काय केलं आणि शास्त्रात कुठे सापडतो, एवढं प्रत्येक कार्डावर. मोशे, दावीद, शलमोन यांची कार्डं नव्हती. “त्यांची काळजी घ्यायला सगळी दुनिया आहे की,” मास्तर म्हणत. “आपण बाकीच्यांचं बघू.” तीस वर्षं ते बाकीच्यांचं बघत होते.

त्यांची बायको अक्कलकोटकडची, माहेरी कानडी बोलणारी. मी त्यांना काकू म्हणत असे. चहाचा कप घेऊन त्या दारात उभ्या राहत आणि कार्डावर वाकलेल्या नवऱ्याकडे बघत मला म्हणत, “बघ सिद्राम, मेलेल्यांची हजेरी घेता घेता जिवंत माणसाचा चहा निवला. त्यातला एक तरी उठून ‘हजर’ म्हणतो का विचार त्यांना.”

“म्हणतात,” मास्तर कार्डावरची नजर न उचलता सांगत. “तुझी भांडी वाजायची थांबली की ऐकू येतं.”

“अय्यो! मग जेवायला पण त्यांनाच वाढायला सांगा.”

एकदा आम्ही जेवायला बसलो असताना त्यांनी मला रिस्पाची गोष्ट सांगितली. रिस्पा ही शौल राजाची उपपत्नी. राजा मेल्यावर, त्याच्या जुन्या अपराधाचा बदला म्हणून तिच्या दोन मुलांना आणि राजाच्या पाच नातवांना डोंगरावर फाशी दिलं आणि प्रेतं तशीच उघड्यावर टाकली. ही बाई खडकावर गोणपाट अंथरून तिथे बसली. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना तिने त्या प्रेतांना शिवू दिलं नाही. “सुगी सुरू झाली तेव्हा बसली,” मास्तर म्हणाले, “ती आभाळातून पाऊस पडेपर्यंत.”

मी मंगळवेढ्याचा. सुगी झाल्यापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. रानात काळी ढेकळं तापलेली, चिटपाखराला सावली नाही आणि उतरंडीतली ज्वारी दिवसेंदिवस खाली जाते आहे. इतके दिवस एक आई आपल्या मुलांच्या प्रेतांपाशी बसली होती! माझा घास हातातच राहिला. मास्तर शांतपणे शेंगाची चटणी भाकरीला लावत होते. ते म्हणाले, “नव्या राजाला, दावीदाला, हे कळलं तेव्हा त्याची मान खाली गेली आणि त्याने सगळ्यांच्या अस्थी नीट पुरायला लावल्या. कुणाला एक शब्द न बोलता तिने राजाला वठणीवर आणलं. आणि आमच्या चर्चमध्ये विचारून बघ, दहातल्या नऊ जणांना तिचं नाव सांगता येणार नाही.”

दुसरा एक एबद-मलेख. राजवाड्यातला परमुलखातला काळा नोकर. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याला, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याला, दरबाऱ्यांनी चिखलाच्या आडात सोडून दिलं होतं, मरायला. या नोकराने राजापुढे जाऊन त्याला बाहेर काढायची परवानगी मिळवली. मग वाड्यातल्या जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा करून दोराने आडात सोडले आणि वरून सांगितलं, “हे काखेत घाला, त्यावरून दोर घ्या.” दोराने अंग सोलून निघू नये म्हणून. मास्तर मला म्हणाले, “दोर सोडायचं कुणालाही सुचलं असतं. चिंध्यांचं कुणाला सुचलं, ते लिहून ठेव.”

दुष्काळात माझे वडील विहीर खोल करायच्या कामावर होते. दोराला बांधून त्यांना खाली सोडत. त्यांच्या दोन्ही काखांतले वळ मी पाहिले होते. हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्यांच्या दोराला चिंध्या होत्या का?” मी म्हणालो, “न्हाय, गुरुजी.” मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि त्या दिवशी पुढे काही लिहायला सांगितलं नाही.

अशा माणसाच्या घरी मी जे केलं ते सांगायला आजही माझी जीभ जड होते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्याच्या एका प्रकाशकांनी मास्तरांचा नामकोश छापायची तयारी दाखवली होती. मार्चअखेरीस ते स्वतः येऊन डबे घेऊन जाणार होते. त्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणून मास्तर आणि काकू मिरजेला गेले. जाताना मास्तर मला म्हणाले, “मी येईपर्यंत सगळी कार्डं अकारविल्हे लावून ठेव. आजवर शास्त्रात जशी आली तशी ठेवली. छापायला तशी चालायची नाहीत.”

मी कॉलेज बुडवून कामाला लागलो. लावता लावता माझ्या ध्यानात आलं की जखऱ्या या नावाची कार्डं संपतच नाहीत. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. पुढे मशुल्लामांचाही तसाच गठ्ठा, शमायांचा तसाच, शल्लूमांचा तसाच. बऱ्याच कार्डांवर तर एखादीच ओळ होती. आदल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तालुक्याच्या एका कचेरीत रेशनकार्डांच्या पडताळणीवर होतो. एकाच नावाची दोन कार्डं शोधायची आणि जास्तीचं रद्द करायचं. ते काम मी इतकं चोख केलं होतं की साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती. मला वाटलं, बिचाऱ्या मास्तरांना दिसत नाही, त्यामुळे एकाच माणसाचं कार्ड ते विसरून विसरून पुन्हा लिहीत बसले. प्रकाशक हसतील त्यांना. मग मी प्रत्येक नावाचं सर्वांत जास्त मजकुराचं एक कार्ड ठेवलं आणि बाकीची बाजूला काढली. दोन घमेली भरली. दुपारी आंघोळीच्या बंबात घालून ती मी जाळली. वर त्याच पाण्याने आंघोळही केली. मला फार मोठं काम उरकल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी मास्तर आले. एका डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू निघाला होता आणि दुसऱ्या डोळ्याचीही आशा डॉक्टरांनी सोडली होती. हे काकूंनी मला दारातच हळू आवाजात सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “एक डबा दे बघू मांडीवर.” डबा हातात घेताच ते थबकले.

“हलका कसा झाला हा?”

मी उत्साहाने सांगितलं, “गुरुजी, डबल कार्डं काढून टाकली. एकट्या जखऱ्याचीच पंचवीस-तीस हुती.”

“कुठं आहेत ती?”

“जाळली. बंबात.”

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. “अय्यो देवा! येन माडिदी रे! काय करून बसलास हे?”

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मास्तरांनी झाकणावर तळहात ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला.

“किती जखऱ्या ठेवलेस?”

“एक.”

“कोणता?”

“ज्याची माहिती जास्ती हुती तो.”

“म्हणजे संदेष्टा,” मास्तर म्हणाले. “तो राहिलाच असता, सिद्राम. त्याच्या नावाचा अख्खा ग्रंथ आहे. त्याच्यासाठी मी कार्डं नव्हती केली.”

मग ते एकेक करून सांगू लागले आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. एक जखऱ्या करारकोशापुढे, म्हणजे देवाच्या कराराच्या पेटीपुढे, तुतारी वाजवत चालणारा. एक उत्तरेकडच्या दारावरचा पहारेकरी, सल्ला देण्यात शहाणा. एक राजा, सहा महिनेच गादीवर बसला आणि लोकांदेखत मारला गेला. एक याजकाचा मुलगा. ज्या राजाचा जीव त्याच्या बापाने लहानपणी वाचवला होता, त्याच राजाच्या हुकमाने मंदिराच्या अंगणात त्याला दगडांनी ठेचून मारलं. वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या काळातली. फक्त नाव एक.

काकू माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. “तुझ्या गल्लीत चार सिद्राम आहेत म्हणतोस ना? त्यातल्या तिघांना जाळायचं का रे मग?”

त्या माणसाची तीस वर्षं मी पाणी तापवायला वापरली होती, आणि ती पुन्हा लिहायला त्याच्याजवळ आता डोळे नव्हते. प्रकाशक यायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. मी रडलोसुद्धा नाही.

सकाळी मी वळकटी बांधली आणि ट्रंक उचलून निघालो. मास्तर पडवीच्या पायरीवर बसलेले होते, बरोबर वाटेत.

“कुठं निघालास?”

“गावाकडं. तुमाला तोंड दाखवायची माझी लायकी न्हाय.”

“मला कुठं दिसतंय तुझं तोंड?” ते म्हणाले. “ट्रंक खाली ठेव. मला आठवतात तेवढे मी सांगतो, तू लिही. जे आठवणार नाहीत ते शास्त्रातून शोधू, तू वाच. लिहायचं मी केलं, जाळायचं तू केलंस. परत लिहायचं आता दोघांनी.”

त्या पाच आठवड्यांची आठवण झाली की आजही मी चकित होतो. मास्तर डोळे मिटून सांगत आणि मी लिहीत असे. जळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं त्यांच्या तोंडातून बापाच्या नावासकट बाहेर आली. उरलेल्यांसाठी मी याद्या मोठ्याने वाचायचो. घराण्यांच्या याद्या, बंदिवासातून परतून आलेल्यांच्या याद्या, द्वारपाळांच्या, गाणाऱ्यांच्या. मी घाईत वाचायला लागलो की ते काठीने फरशीवर ठोकत. “पळू नको. ही काय पाढ्यांची उजळणी आहे? एकेकाला दारातून आत येऊ दे.” अभ्यास असा मी फारसा केलाच नाही. पण त्या याद्या वाचताना सावकाश वाचायची जी सवय लागली, तिच्यावर मी परीक्षेत निभावलो.

तरीही मी त्यांना फसवलं.

प्रकाशक सोमवारी यायचे होते आणि माझा पहिला पेपरही सोमवारीच होता. शेवटची एकच यादी राहिली होती. यरुशलेमेची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्यांची. कुणी कुठली वेस आणि कुठला तुकडा बांधला, त्याची. “ती मोठी आहे, सावकाश करू,” असं म्हणून मास्तरांनी ती मागे ठेवली होती. शनिवारी त्यांना ताप भरला. ते दिवसभर पडून होते. मी शास्त्राचं पुस्तक उघडून बसलो. डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. मी पुस्तक मिटलं आणि माझी परीक्षेची वही काढली.

रविवारी उपासना आटोपून काकू घरी आल्या, तेव्हा मास्तर उठून बसले होते. त्यांनी विचारलं, “भिंतीवरची माणसं झाली का रे?”

“झाली, गुरुजी,” मी म्हणालो. “काल तुमी झोपला हुता तवा करून टाकली.”

माझं मलाच ऐकू आलं. इतक्या सहज! मास्तरांनी हाताने चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “शहाणा आहेस,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबे पुण्याला गेले. मी पेपर लिहायला गेलो.

मी पास झालो. निकाल कळला तेव्हा वडील नालांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून एस.टी.ने सोलापूरला आले आणि मास्तरांच्या पाया पडायला लागले. मास्तर चटकन मागे सरले. “अहो, हे काय! तुमच्या मुलाने माझे डोळे होऊन काम केलं आहे,” ते म्हणाले. मी दाराआड उभा होतो. वडलांपुढे खरं बोलायचं धैर्य मला झालं नाही. मग नातेपुत्याच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी निघून गेलो. मास्तरांनी निरोप देताना एवढंच सांगितलं, “हजेरी घेताना पोरांचा आवाज ऐकत जा. नुसती खूण करू नकोस.”

दोन वर्षांनी काकूंचं पोस्टकार्ड आलं. प्रकाशकांनी अखेर छपाईसाठी कोशाचे खिळे जुळवायला घेतले होते. पावसाळा संपेपर्यंत छापून होईल, मास्तर खुशीत आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. ते कार्ड हातात घेऊन मी वर्गात गेलो आणि हजेरी घेता येईना. दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं.

ते पत्र आज माझ्याजवळ आहे. मास्तर गेले तेव्हा मी सोलापूरला गेलो होतो. काकूंनी ते त्यांच्या उशाखालून काढून माझ्या हातात ठेवलं. मी विचारलं, “रागावले होते का?” काकू म्हणाल्या, “रागावले तर! कार्डं जाळलीस तेव्हा नव्हते रागावले. हे ऐकून दोन दिवस जेवले नाहीत नीट. तुझं नाव काढू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू पाठवलेली कार्डं पुण्याला रजिस्टर करायला कुणाला तरी बोलाव.” कार्डं वेळेवर पोहोचली होती. पत्र असं होतं:

तीर्थरूप गुरुजी यांस,

नालवाल्यांच्या सिद्रामचा साष्टांग नमस्कार. काकूंनी हे पत्र आपल्याला वाचून दाखवावं, आणि कितीही राग आला तरी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

भिंतीवरची माणसं मी केली नव्हती. आपण तापात होता आणि मी माझी परीक्षेची वही वाचत बसलो. झाली म्हणून सांगितलं ते खोटं होतं. कार्डं जाळली तेव्हा मी अडाणी होतो. हे मात्र मी समजून उमजून केलं. माझी पदवी त्या दिवसाच्या खोट्यावर उभी आहे. ती लोकांना दाखवताना मला आपला हात डोक्यावर जाणवतो आणि भीती वाटते.

काल आणि आज बसून ती यादी मी सावकाश वाचली. जळालेल्या नावांपैकी त्यात जी होती, ती सगळी कार्डं सोबत पाठवत आहे. मल्कीया तिघे आहेत. एक हारीमाचा मुलगा. दुसरा रेखाबाचा, त्याने उकिरडावेस बांधली. तिसरा सोनार. तिघांची तीन कार्डं केली आहेत. मशुल्लाम दोघे आहेत, त्यांच्या बापांची नावं वेगळी आहेत, ती दोनदा पडताळली. हनन्याही दोघे आहेत, त्यातला एक गंध्याचा मुलगा. गंध विकणाऱ्याच्या घरच्याने दगड उचलले, हे वाचून मी थांबलो होतो. आपण काठी ठोकायला नव्हता, तरी थांबलो.

एका ठिकाणी मात्र अडलो आहे. शल्लूम नावाचा एक माणूस आहे, हल्लोहेशाचा मुलगा. अर्ध्या परगण्याचा अधिकारी. भिंतीचा एक तुकडा त्याने बांधला आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुलींनी बांधला. मुलींची नावं दिलेली नाहीत. किती होत्या तेही दिलेलं नाही. इतक्या पुरुषांच्या यादीत त्या मुली उन्हात उभ्या आहेत आणि त्यांना नाव नाही, हे पाहून मी सुन्न झालो. शल्लूमाच्या कार्डावर त्यांचा उल्लेख करून मोकळं होता आलं असतं. पण मला आता मोकळं व्हायची भीती वाटते.

म्हणून त्याच मापात कापलेली काही कोरी कार्डं त्या मुलींसाठी सोबत ठेवली आहेत. त्यांतली किती घालायची, ते आपण सांगावं.

आपला,
सिद्राम